धर्मसंस्थेच्या शाळेत नोकरी, पण श्रद्धा उरलेली नाही: शिक्षकांनी काय करावे, काय टाळावे

कॉन्व्हेंटमधल्या टीचर, मुस्लिम ट्रस्टच्या शाळेतले विज्ञानाचे सर, एखाद्या संप्रदायाच्या गुरुकुलातले गृहपाल, वसईकडच्या धर्मग्रामाच्या शाळेतल्या बाई. ठिकाणे वेगळी असली तरी या सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. ‘माझा आता देवावर विश्वास राहिलेला नाही. हे कळले तर मला काढून टाकतील का? परिपाठात प्रार्थना म्हणणे ही फसवणूक ठरते का? सांगून टाकू की गप्प राहू? राजीनामा द्यायचा तर कसा?’

यावर दोन टोकांचे सल्ले हमखास मिळतात. ‘पगार घेता ना, मग मुकाट्याने हात जोडा’ हा एक, आणि ‘स्वाभिमान असेल तर उद्याच राजीनामा तोंडावर फेका’ हा दुसरा. दोन्हींनी शिक्षकाचे नुकसानच होते. श्रद्धा जाणे हा गुन्हा नाही आणि सेवेतले गैरवर्तनही नाही. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य न मानणाऱ्यालाही आहे. पुढची वाट मात्र तुमच्या मनापेक्षा तुमच्या नेमणुकीच्या कागदावर आणि रोजच्या कामावर ठरते. म्हणून एकेक गोष्ट क्रमाने पाहा.

पहिले पाऊल: नेमके काय गेले ते ओळखा

श्रद्धा गेली, की संस्थाचालकांवरचा विश्वास गेला? दोन्हींचा त्रास सारखाच वाटतो, पण उपाय वेगळे आहेत. स्वतःला हे विचारा:

- संस्था बदलली, मुख्याध्यापक बदलले, तर हा त्रास संपेल का? संपणार असेल तर तुमचा प्रश्न वागणुकीचा आहे. त्यावर लेखी तक्रार, बदली किंवा दुसरी शाळा हा उपाय आहे.
- घरातला मृत्यू, आजारपण, घटस्फोट यांच्या लगोलग हे सुरू झाले का? तसे असेल तर मोठे निर्णय काही महिने पुढे ढकला.
- धर्माची शिकवण पटत नाही, की फक्त कर्मकांड नको वाटते? कर्मकांडच नको असेल तर जबाबदाऱ्यांची अदलाबदल करून बहुतेकांचे भागते.

शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर निर्णय घेऊ नका. चालू सत्र पूर्ण होऊ द्या. तोपर्यंत स्टाफरूममध्ये जाहीर करणे, व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवणे, रागाच्या भरात राजीनामा देणे, या तिन्ही गोष्टी टाळा.

दुसरे पाऊल: शाळा कोणत्या प्रकारची आहे ते कागदावर पाहा

तुमचे संरक्षण इथे ठरते. नेमणूकपत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शाळेचा मान्यता आदेश, हे तीन कागद काढा.

- मान्यताप्राप्त खासगी शाळा (अनुदानित वा विनाअनुदानित). महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ आणि त्याखालची १९८१ची नियमावली लागू होते. शिक्षक याला ‘एमईपीएस’ म्हणतात. केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळा असेल तर मान्यता आदेश वकिलाला दाखवून खात्री करून घ्या.
- अल्पसंख्याक शाळा. घटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने संस्थेला कारभाराचा अधिकार आहे. मुख्याध्यापक आणि संस्थेने संचालकांना नावे कळवलेले जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्या नेमणुकीला वरील कायदा लागू होत नाही. पण अल्पसंख्याक दर्जा म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच सांगितले आहे की, कर्मचाऱ्यांना रास्त वेतन व सेवाशर्ती देण्याचे नियम केल्याने अल्पसंख्याकांच्या हक्काला बाधा येत नाही.
- वेदपाठशाळा, मदरसा, निव्वळ धर्मशिक्षण देणारी संस्था. शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने या संस्था वगळल्या आहेत. शाळा म्हणून मान्यता नसेल तर एमईपीएसचे कवच मिळत नाही आणि करारात लिहिलेलेच तुमच्या हाती उरते.
- गोव्यातील शाळा. तिथे १९८४चा शालेय शिक्षण कायदा आणि १९८६चे नियम पाहावेत. खाली दिलेल्या महाराष्ट्रातल्या मुदती तिथे लागू नाहीत.

इंटरनेटवर या विषयावर मिळणारे बरेचसे लिखाण अमेरिकेतले असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०२०च्या निकालांनी, धार्मिक जबाबदारी असलेल्या शिक्षकांबाबत धर्मसंस्थांच्या शाळांना फार मोठी मोकळीक दिली आहे. ते वाचून इथल्या शिक्षकाने घाबरू नये. आपला कायदा वेगळा आहे.

तिसरे पाऊल: तुमच्या कामात धर्म किती, ते मोजा

एका आठवड्याचे वेळापत्रक समोर घ्या आणि प्रत्येक कामापुढे खूण करा. समजा, सोमवारचा रकाना असा आहे: सकाळी परिपाठ, पहिली तासिका सातवी ‘अ’ची बीजगणिताची, तिसरी तासिका मूल्यशिक्षणाची, मधल्या सुट्टीत जेवणाआधीची प्रार्थना, दुपारी सणाच्या कार्यक्रमाची तालीम. यांतल्या प्रत्येक कामाला खालीलपैकी एक अक्षर द्या.

- अ: धर्माशी संबंध नाही. बीजगणित, तपासणी, पालकसभा.
- ब: फक्त उपस्थिती लागते. परिपाठाला रांगेजवळ उभे राहणे, मुलांना चर्च, मशीद वा मंदिरात नेताना शिस्त सांभाळणे.
- क: तुमच्या तोंडून श्रद्धेची साक्ष लागते. धर्मशिक्षणाचा, दीनियातचा वा प्रवचनाचा तास घेणे, प्रार्थनेचे नेतृत्व करणे.

बहुतेक विषयशिक्षकांच्या आठवड्यात ‘क’ची कामे दोनतीनच निघतात. तेवढी दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेली की नोकरीत कुचंबणा फारशी राहत नाही. ‘क’च मुख्य काम असेल, म्हणजे तुम्ही धर्मशिक्षक असाल, तर मात्र त्या पदावर फार काळ राहणे तुमच्याही हिताचे नाही आणि मुलांच्याही. मुख्याध्यापकांचेही तसेच आहे. अल्पसंख्याक संस्थेला आपल्या पसंतीचा प्रमुख निवडण्याचा अधिकार न्यायालयांनी मान्य केला आहे. तुम्ही प्रमुख असाल तर पुन्हा शिक्षकपदावर जाण्याची बोलणी आधी करून ठेवा.

परिपाठात हात जोडावेत का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. दोन निकाल माहीत असू द्या.

१९८६ मध्ये केरळमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, राष्ट्रगीताला आदराने उभे राहणाऱ्या, पण श्रद्धेमुळे ते न म्हणणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही. २०१३ मध्ये नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. हे शिक्षक प्रार्थनेला उभे राहत, पण हात जोडत नसत आणि त्यावरून त्यांना वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली गेली होती. हात जोडण्याची सक्ती करणे म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

हा दुसरा निकाल मोलाचा आहे, पण तो धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळेबाबतचा नव्हता. तुमची शाळा तशी असेल तर संस्था ३०वा अनुच्छेद पुढे करील. त्यामुळे निकालाची प्रत हातात घेऊन भांडायला जाऊ नका. व्यवहारात असे वागा:

- वेळेवर हजर राहा, सरळ उभे राहा, शांत राहा. मोबाइल बघू नका.
- प्रार्थना म्हणणे पटत नसेल तर ओठ हलवण्याचे नाटक करू नका आणि उशिरा येऊन पळवाटही काढू नका. उशिरा येण्याची नोंद गोपनीय अहवालात जाते आणि तीच पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाते.
- प्रार्थना म्हटल्याने मनाला टोचणी लागत नसेल तर खुशाल म्हणा. समूहगीतासारखी म्हटलेली प्रार्थना ही फसवणूक नाही.
- मुलांवर सक्ती करण्याचे काम तुमच्याकडे आले तर २८व्या अनुच्छेदाचे तिसरे कलम लक्षात ठेवा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या कोणालाही, तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षण वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शाळेने पालकांची संमती घेतली आहे का, हे शांतपणे विचारा.

सांगावे का, कोणाला आणि किती?

‘मी आता मानत नाही’ हे नोकरी देणाऱ्याला कळवणे तुमच्यावर बंधनकारक नाही. मात्र सेवेच्या अर्जात किंवा दरवर्षी भरून घेतल्या जाणाऱ्या प्रतिज्ञापत्रात ‘मी अमुक श्रद्धेने चालतो’ असे वाक्य असेल, तर खोटी सही करू नका. ‘मी संस्थेच्या शिस्तीचे व नियमांचे पालन करीन’ असा पर्यायी मजकूर लेखी सुचवा.

- घरात आधी. जोडीदाराला शाळेतून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले बरे, विशेषतः राहती जागा किंवा मुलांच्या फीची सवलत संस्थेकडून असेल तर.
- संस्थेबाहेरच्या एका विश्वासू माणसाला. स्टाफरूममधल्या मित्राला शेवटी.
- मुख्याध्यापकांना गरजेपुरतेच. श्रद्धेची चर्चा नको, कामाची वाटणी मागा.
- धर्मगुरूंकडे बोलायचे असेल तर आपल्या संस्थेशी संबंध नसलेल्यांकडे जा. फादर, मौलाना किंवा महाराज शाळेच्या समितीवर असतील तर तिथे मन मोकळे करणे टाळा.

कामाची वाटणी मागणारे पत्र एवढे लहान पुरे:

*‘मा. मुख्याध्यापक, सविनय विनंती की, येत्या सत्रापासून माझ्याकडील मूल्यशिक्षणाच्या (धर्मशिक्षण) तासिका अन्य सहकाऱ्यांकडे द्याव्यात. त्या बदल्यात गणिताच्या जादा तासिका अथवा शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ग घेण्यास मी तयार आहे. शाळेच्या शिस्तीचे व परिपाठाचे वेळापत्रक मी पूर्वीप्रमाणेच पाळीन.’*

यात कारण लिहिलेले नाही, ते मुद्दाम. विचारलेच तर ‘हा विषय प्रामाणिकपणे शिकवणे मला जमणार नाही’ एवढे सांगा. पत्र कार्यालयात आवक क्रमांकासह द्या आणि पोच घ्या.

वर्गात जबाबदारी तुमची

दहा-बारा वर्षांची मुलगी तास संपल्यावर टेबलाजवळ येते आणि विचारते, ‘टीचर, तुम्ही देवाला मानता का? तुम्ही प्रार्थना म्हणत नाही, मी बघितलंय.’ खोटे बोलू नका आणि तिथे आपले तत्त्वज्ञानही मांडू नका. ‘या गोष्टीवर मोठी माणसेसुद्धा वेगवेगळा विचार करतात. तुला काय वाटते ते घरी आई-बाबांशी बोल. माझ्याकडे गणिताचे काहीही विचार.’ एवढे उत्तर पुरेसे आहे.

पालकांनी ही शाळा निवडली ती तिच्या धर्मासह निवडली आहे. तुमच्या मनातल्या वादळाचा भार मुलांवर पडता कामा नये. मात्र विज्ञान शिकवताना उत्क्रांती, प्रजनन, ग्रहणे हे अभ्यासक्रमातले भाग पूर्ण शिकवा. ते गाळा असा दबाव आला तर पाठ्यपुस्तकाचे पान दाखवा. तुमची बाजू तिथे भक्कम आहे.

श्रद्धा नसलेला माणूस चांगला शिक्षक कसा असेल, ही शंका स्वतःलाच छळत असेल तर आगरकर आठवा. त्यांची देवाधर्माविषयीची मते ‘सुधारक’मधून उघड होती आणि तरीही १८९२ पासून १८९५ मधल्या निधनापर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

संस्थेने दबाव आणला तर

एमईपीएस लागू असलेल्या शाळेत कायम शिक्षकाला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगून काढता येत नाही. पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

- चौकशीशिवाय बडतर्फी नाही. आरोप लेखी हवेत, उत्तराची संधी हवी आणि तीन सदस्यांची चौकशी समिती हवी. त्यांतला एक सदस्य तुम्ही सुचवायचा असतो. ते नाव मुदतीत द्या, ही संधी दवडू नका.
- अपील ३० दिवसांत. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणे याविरुद्ध कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. तडजोडीच्या तोंडी आश्वासनांवर हे दिवस घालवू नका.
- परिवीक्षाधीन असाल तर जपून. या काळात काम किंवा वर्तन असमाधानकारक ठरवून एका महिन्याच्या नोटिशीने सेवा संपवता येते. कायम होईपर्यंत वाद ओढवून घेऊ नका.
- कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर सही नको. कायद्यानुसार राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने पाठवायची असते. केबिनमध्ये दार लावून मागितलेली सही ही ती पद्धत नव्हे. ‘विचार करून टपालाने कळवतो’ म्हणा आणि बाहेर या. त्याच दिवशी घडलेला प्रकार लिहून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.
- कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्या. उत्तरात धर्मावर वाद नको. हजेरी, निकाल, गोपनीय अहवाल, तपासणी शेरे यांवर बोला.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. हेल्पलाइन १५१०० आहे.

सोडायचेच ठरले तर

- नोटिशीचा काळ. कायम कर्मचाऱ्याला तीन महिने, इतरांना एक महिना.
- राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती? जुनी पेन्शन लागू असलेल्या अनुदानित शाळेतील शिक्षकांनी इथे थांबून विचार करावा. राजीनाम्याने मागची सेवा पेन्शनसाठी बाद होते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करा. एका चुकीच्या शब्दाने आयुष्यभराचे निवृत्तिवेतन जाते.
- ग्रॅच्युइटी. खासगी शाळांतील शिक्षकांना हा हक्क २००९च्या दुरुस्तीने, ३ एप्रिल १९९७ पासूनच्या प्रभावाने मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. सेवेची पाच वर्षे भरत आली असतील तर तारीख पाहून बाहेर पडा.
- कागद आधी गोळा करा. सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत, मान्यता आदेश, वेतनचिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएसचा खातेउतारा, अनुभव प्रमाणपत्र. संबंध बिघडल्यावर हे कागद महिनोन्महिने मिळत नाहीत.
- पात्रता तपासा. अल्पसंख्याक शाळांना टीईटी लागू करावी का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. इतर शाळांत पहिली ते आठवीसाठी टीईटी लागतेच. म्हणून आहे त्या नोकरीत असतानाच ती उत्तीर्ण व्हा. पवित्र पोर्टलमार्फत जायचे तर अभियोग्यता चाचणीही द्यावी लागेल.
- राजीनाम्यात कारण ‘वैयक्तिक’ एवढेच लिहा. श्रद्धेचे निवेदन तिथे नको.

व्रतस्थ असाल तर

सिस्टर, ब्रदर किंवा फादर म्हणून शिकवणाऱ्यांची अडचण अधिक खोल आहे. पगार तुमच्या नावाने निघतो, पण दारिद्र्याच्या व्रतामुळे तो संघाकडे जातो. चर्चच्या कायद्यातील ७०२व्या कलमानुसार, संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, मात्र संघाने त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे असेही तेच कलम सांगते. म्हणून:

- थेट बाहेर पडण्याआधी, पाच वर्षांपर्यंत संघाबाहेर राहण्याची जी परवानगी मिळू शकते तिची चौकशी करा. अंतिम व्रते घेतलेल्यांसाठी ही सोय आहे.
- राहण्याची जागा आणि काही महिन्यांचा खर्च याबद्दल संघाकडून लेखी आश्वासन मागा. त्या कलमाचा उल्लेख करायला संकोचू नका.
- शाळेतील नेमणूक दिवाणी कायद्याखाली असेल तर व्रत सुटल्याने ती आपोआप संपते असे गृहीत धरू नका. वकिलाला विचारा.
- पदव्यांची मूळ प्रमाणपत्रे, आधार, पॅन, बँक पासबुक स्वतःच्या ताब्यात घ्या.

घर, समाज आणि मन

- जातपंचायत किंवा समाजाच्या मंडळींनी वाळीत टाकले तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पोलिसांत लेखी तक्रार द्या.
- सोशल मीडियावर धर्माची टिंगल करू नका. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली दाखल होऊ शकतो. न मानणे हा हक्क आहे. अपमान करणे हा नाही.
- सरकारी कागदांवरचा धर्म घाईने बदलू नका. जातीचे आरक्षण, वारसा, विवाह यांवर त्याचे परिणाम होतात. मनाने वेगळे होण्यासाठी राजपत्राची गरज नसते.
- झोप उडाली असेल, जगणे निरर्थक वाटत असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.
- सोबत शोधा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीच्या शाखा अनेक तालुक्यांत आहेत. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ पुण्यात आहे. सभासद होण्याची सक्ती नाही. आपल्यासारखी माणसे आहेत एवढे कळले तरी बळ येते.

या सगळ्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. अपराधीपणाच्या भरात लिहिलेला राजीनामा हाच या प्रवासातला सर्वांत महागडा कागद ठरतो. तुम्ही कोणाला फसवलेले नाही. जे मानत होता ते मनापासून मानत होता आणि आता मानत नाही, तेही प्रामाणिकपणे. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी नेमणूकपत्र आणि सेवापुस्तक काढून बसा, वेळापत्रकावर खुणा करा, एका विश्वासू माणसाशी बोला आणि मगच ठरवा. राहायचे ठरले तर मान वर करून राहा. जायचे ठरले तर हक्काचा शेवटचा रुपया घेऊन जा.